दोन डझन घेतले तर

बेगम बाजारात चारचाकी घालणारा माणूस एक तर हैदराबादचा नसतो, नाही तर त्या दिवशी घरी भांडून निघालेला असतो. माझं घरी भांडण नव्हतं, म्हणून रिक्षा मोझमजाही मार्केटपाशी सोडली आणि पायी निघालो. पुढं हातगाडी, मागं हातगाडी, डोक्यावर जिऱ्याचं पोतं घेतलेला हमाल, नाकात मिरचीचा ठसका, आणि या सगळ्यात लग्नाची भांडी घ्यायला आलेलं एक अख्खं कुटुंब आजीला हरवून उभं. दुसऱ्या असफजाहाच्या, म्हणजे निजाम अली खानाच्या हमदा बेगमेनं ही जमीन व्यापाऱ्यांना देऊन टाकली होती म्हणे. बेगमेनं फुकट दिलेल्या या जागेत त्यानंतर कुणी कुणाला काही फुकट दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

माझ्या खिशात मंडळाची यादी होती. यंदा आमच्या गणेश मंडळानं मुलांची लघुपट स्पर्धा ठेवली. मोबाइलवर चित्रीकरण करायचं आणि दहा मिनिटांत आटपायचं. सात लघुपट आले. यादीत बक्षिसं होती एकोणीस.

"अहो, सात सिनेमांना एकोणीस बक्षिसं?" मी चिटणीसांना विचारलं.

"काका, वर्गणीला कुठलं घर नाही म्हणालं नाही. मग बक्षिसाला आपण नाही कसं म्हणायचं?"

चिटणीस हिशेबाचे पक्के. यादीत पहिलं नाव होतं 'उत्कृष्ट चित्रपट'. दुसरं 'उत्कृष्ट चित्रपट (परीक्षकांची पसंती)'. तिसरं 'उत्कृष्ट चित्रपट (प्रेक्षकांची पसंती)'. चौथं 'उत्कृष्ट चित्रपट (सामाजिक)'. त्यापुढं मी वाचायचं सोडलं आणि फक्त मोजलं.

सातही लघुपट मी पाहिले होते. एकात केस मोकळे सोडलेली मुलगी गच्चीवर फिरते. एकात प्लास्टिकची पिशवी वापरू नये असा उपदेश आहे. चारांत शेवटी दोघं मरतात. त्या चारांपैकी एकात तर प्रेमप्रकरणच नाही, दोन मित्र आहेत, ते क्रिकेट खेळतात, घरी येतात, चहा पितात आणि मरतात. का मरतात, ते दिग्दर्शकाला (वय १३) सांगता आलं नाही. "सैराटमध्ये मरतात ना," एवढंच म्हणाला. चारही घरांत फरशीवर टोमॅटो केचपची लहान पावलं उमटली होती आणि एका श्रेयनामावलीत 'विशेष आभार' म्हणून फरशी पुसणाऱ्या आईचं नाव होतं. हे मात्र मला आवडलं. एवढा प्रामाणिकपणा मोठ्या सिनेमात दिसत नाही.

उरला सातवा लघुपट, त्याच्याकडं येतो.

पण मुलांना हसणारे आपण कोण? 'सैराट'चं वेड आम्हा हैदराबादच्या मराठी माणसांना जरा जास्तच आहे, आणि त्याला कारण आहे. २०१६ साली नागराज मंजुळेंनी आर्ची-परश्याला करमाळ्याकडून पळवलं ते थेट आमच्या गावात आणून सोडलं. इथल्या वस्तीत ती दोघं राहिली, डोशाच्या गाडीवर परश्या राबला, आर्ची कारखान्यात कामाला लागली, तेलुगू शिकली. पुण्या-मुंबईच्या सिनेमात हैदराबाद म्हणजे चारमिनार आणि बिर्याणी, फार तर एक रामोजी. इथं प्रथमच कुणी तरी आमची भाड्याची खोली दाखवली. रिंकू राजगुरूला राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख मिळाला, तेव्हा आमच्याकडं अशा थाटात पेढे वाटले गेले की जणू आर्ची आमच्याच वाड्यात भाड्यानं राहून गेली.

दोन वर्षांनी त्याचं हिंदी भांडं आलं, 'धडक'. आर्ची-परश्याच्या बिटरगावचं उदयपूर झालं. परश्याची जात पडद्याच्या कोपऱ्यात अशी सरकवली, की शोधायला बॅटरी लागावी. आणि हैदराबादचं कोलकाता झालं! का? कुणी सांगेल? आमच्या डोशात काय कमी होतं? बरं, 'झिंगाट' मात्र जसंच्या तसं उचललं, फक्त शब्द हिंदी. म्हणजे नाचायला आम्ही चालतो, राहायला नाही. शेवटी मरतं कोण, तेही बदललं. मूळ सिनेमातली ती जीवघेणी शांतता मात्र बदलूनसुद्धा कुणाच्या हाती लागली नाही. आणि खरी गंमत पुढं आहे. १ ऑगस्ट २०२५ रोजी 'धडक २' आला. हा 'धडक'चा पुढचा भाग असेल, असं तुम्हाला वाटणार. नाही. हा मारी सेल्वराज यांच्या 'परियेरुम पेरुमाळ' या २०१८च्या तमिळ सिनेमाचा रिमेक. म्हणजे पहिला भाग मराठीचा, दुसरा भाग तमिळचा, आणि दोहोंवर नाव एकच. आमच्या घरी दिवाळीच्या फराळाचे डबे असे असतात. वर लिहिलेलं 'चकली', आत शंकरपाळे.

तर मी दुकानात पोचलो.

बेगम बाजारातलं मानचिन्हांचं दुकान पाहिल्याशिवाय कुणी पुरस्कारांवर बोलू नये. भिंतभर फळ्या. सगळ्यांत खाली वीतभर उंचीचे कप, मग हातभर, मग कमरेइतके, आणि वर, काचेच्या कपाटात, हात पसरलेल्या सोनेरी बाया. सगळ्या एकाच चेहऱ्याच्या. कुणाच्या हातात तारा, कुणाच्या हातात गोल, कुणाच्या हातात काहीच नाही. म्हणजे ते गिऱ्हाइकानं ठरवायचं. सेठजी गल्ल्यावर बसून बदाम फोडत होते.

"क्या होना साब?"

"चित्रपट पुरस्कार."

"कित्ते?"

"एकोणीस."

सेठजींनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. "उन्नीस कायकु लेतें? दो डजन लेलेव. रेट कम लगातूं, और एक फिरी."

मी चिटणीसांना फोन लावला. त्यांनी पाच सेकंद विचार केला. "घ्या. पाच वाढवतो. उत्कृष्ट केशरचना द्या टाकून, गच्चीवरच्या मुलीला. आणि ते प्लास्टिकवाले आहेत ना, त्यांना पर्यावरण." अशा रीतीनं बेगम बाजारच्या घाऊक दरानुसार आमच्या मंडळाचे पुरस्कार एकोणिसाचे चोवीस झाले. चित्रपट पुरस्कारांचे विभाग दरवर्षी का वाढत जातात, याचा मी बरीच वर्षं विचार करत होतो. परीक्षक मंडळ, कलेचा विस्तार, नवं तंत्रज्ञान, असं काय काय डोक्यात यायचं. डझनाचा विचार कधी डोक्यात आला नव्हता.

"नाम क्या डालना?" सेठजींनी विचारलं.

नावं अजून ठरायची होती. "जागा मोकळी ठेवा."

"हौ. सब ऐसाच करतें."

नाव घालायचं मशीन शेजारच्या भांड्याच्या दुकानात. तिथं गेलो, तर मशीनवर एक पितळी घंगाळं होतं. जुनं, जाड, दोन्ही कड्या शाबूत. कुणी तरी मोडीत घातलेलं, आता कुणी तरी शोभेसाठी विकत घेतलेलं. कारागीर कानसेनं आणि मग घासकागदानं त्याच्या काठावरचं जुनं नाव काढत होता. पूर्वी नाव छिन्नीनं ठोकून घालायचे, एकेक टिंब देऊन. ते टिंब पितळेत खोल जातं. त्यानं बरंच घासलं. तरी उजेडात तिरकं धरलं की 'चि.सौ.कां.' एवढं वाचता येत होतं. पुढचं गेलं होतं. कुठल्या तरी मुलीच्या लग्नातलं घंगाळं. त्या अक्षरांच्या शेजारी आता मशीन गुरगुरायला लागलं आणि एका रिसॉर्टचं नाव उमटलं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रिमेक म्हणजे हेच. भांडं तेच, नाव घासून काढायचं आणि आपलं घालायचं. आणि पुरस्कार म्हणजे शेजारच्या दुकानातली ती बाई, भांडं नाहीच, नुसती नाव घालायची जागा.

पण भांड्याच्या धंद्यात एक इमान आहे, ते सिनेमाच्या धंद्यात मला दिसत नाही. कल्हईवाल्याकडं तुम्ही भांडं नेलं आणि कल्हई शाबूत असली, तर तो भांडं परत हातात देतो. "अभी नक्को," म्हणतो. कल्हई उडालेल्या भांड्याला कल्हई, हा नियम. रिमेकलाही हाच नियम लावून पाहा. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, आणि १९१७ साली पुन्हा काढला. मूळ प्रत हातची गेली होती. आज जे काही मिनिटांचं चित्रण उरलंय, ते या दुसऱ्या खेपेचं, असं अभ्यासक सांगतात. त्याला म्हणतात कल्हई. हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान' १९६६ साली आला आणि आला तसा विसरला गेला. १९८८ साली त्याच गोष्टीची 'अशी ही बनवाबनवी' झाली आणि महाराष्ट्रानं अजून ती खाली ठेवलेली नाही. तीच गोष्ट इकडं तेलुगूत 'चित्रम् भळारे विचित्रम्' होऊन आली, तेव्हा आमच्या गल्लीतली तेलुगू मंडळी साडीतल्या नरेशला हसत होती आणि आम्ही साडीतल्या सचिन आणि लक्ष्याला. भांडण एवढंच, की आधी कुणाचं. दोघांनाही माहीत नव्हतं, की दोघांच्याही आधी एक हिंदी काका होऊन गेलेत.

आणि 'नटसम्राट'? शिरवाडकरांचं नाटक १९७०चं, नाना पाटेकरांचा सिनेमा २०१६चा, आणि २०२३ साली कृष्णवंशींनी तेलुगूत केलेला 'रंगमार्तांड'. त्यात प्रकाश राज नानांच्या जागी आणि विक्रम गोखल्यांच्या जागी ब्रह्मानंदम्! ज्या माणसाचा चेहरा दिसला की अख्खं आंध्र-तेलंगण हसायला लागतं, तो माणूस मरणाच्या खाटेवर पाहिला आणि माझ्या शेजारचे रेड्डीगारू रुमाल शोधत होते. तेलुगू माणसाला नाटकवाल्याचं म्हातारपण मराठीत कळलं नसतं, त्याच्या भाषेत कळलं. माझी तक्रार अशा रिमेकबद्दल नाही.

तक्रार कशाबद्दल, तर 'अला वैकुंठपुरमुलो'बद्दल. अल्लू अर्जुनचा हा सिनेमा २०२० साली आला. त्याची हिंदी डब आवृत्ती २०२२च्या जानेवारीत थिएटरात लागणार होती, पण हिंदी रिमेक बनत होता, म्हणून ती थांबवली. मग फेब्रुवारीत ती सरळ टीव्हीवर फुकट दाखवली. मुंबईच्या भाजीवाल्यापासून लखनौच्या न्हाव्यापर्यंत सगळ्यांनी पाहिली. आणि त्यानंतर वर्षभरानं, २०२३ साली, 'शहजादा' नावानं तीच गोष्ट तिकीट लावून दाखवायला आणली! लोक गेले नाहीत. याचं कारण शोधायला म्हणे चर्चा झाल्या. बेगम बाजारातल्या कुठल्याही हमालाला विचारलं असतं. समोरच्या दुकानात फुकट वाटलेला माल तुम्ही शेजारी दर लावून विकताय आणि बोहनी होत नाही म्हणून कपाळाला हात लावताय.

अर्थात आपणही काही धुतल्या तांदळाचे नाही. २०२२च्या डिसेंबरात रितेश देशमुखांचा 'वेड' आला आणि महाराष्ट्रानं डोक्यावर घेतला. माझ्या पुण्याच्या मावसभावानं फोन करून सांगितलं, "अरे, काय मराठी सिनेमा आहे! एकदम आपला!" मी म्हटलं, हा तर आमचा 'मजिली'. त्यानं फोन ठेवला. 'वेड'ची नायिका जेनेलिया महाराष्ट्राची सून असेल, पण हैदराबादेत तिला अजून 'बोम्मरिल्लू'मधली हासिनीच म्हणतात. आणि त्या 'बोम्मरिल्लू'चाही हिंदी रिमेक झाला होता, तिलाच घेऊन. तो डब्यात पडला तो पडलाच. 'इट्स माय लाइफ' या नावानं २०२० साली टीव्हीवर आला, तोवर नायिकेची पोरं शाळेत जायला लागली होती.

आता मानपानाकडं वळू. कारण पुरस्कार हे प्रकरण लग्नातल्या मानपानाशिवाय कळत नाही. मुलीकडच्या आत्याला साडी दिली की मामीला द्यावी लागते, मामीला दिली की मामेबहिणीला, आणि शेवटी टॉवेल-टोपी उरते ती मंडपवाल्याला. कुणी रुसू नये, हा एकच निकष. मग मान कुणाच्या हातून, यावरून रुसवा. २०१८ साली राष्ट्रीय पुरस्कारांत हेच झालं. राष्ट्रपतींनी स्वतःच्या हातानं फक्त ११ पुरस्कार दिले, बाकीचे मंत्रिमहोदयांनी. पन्नासावर मानकरी मांडवात फिरकलेच नाहीत. वराकडच्या मंडळींनी रुसून जेवणाच्या पंगतीला बसूच नये, तसे.

बरं, पुरस्कारावरची नावंही घासून काढता येतात. पदार्पणाच्या उत्कृष्ट चित्रपटाला इंदिरा गांधींचं नाव होतं, राष्ट्रीय एकात्मतेच्या चित्रपटाला नर्गिस दत्तचं. ७०व्या राष्ट्रीय पुरस्कारांपासून दोन्ही गेली. आमच्याकडं तर अख्खा बैल गेला. १९६४ पासून आंध्र सरकार 'नंदी' द्यायचं, लेपाक्षीच्या नंदीवरून घडवलेला. राज्य फुटलं, मग २०१७ साली तीन वर्षांचे नंदी एकदम जाहीर झाले, त्यावरून अशी काही बोंब उठली की नंदी जो बसला तो बरीच वर्षं उठलाच नाही. मग तेलंगण सरकारनं नवे पुरस्कार काढले आणि त्यांना नाव दिलं गदर यांचं. गदर! ज्यांनी घोंगडं खांद्यावर टाकून सरकारविरुद्ध गाणी म्हटली, ते. त्यांच्या नावाचा पहिला सोहळा १४ जून २०२५ रोजी हायटेक्समध्ये झाला आणि उत्कृष्ट चित्रपट ठरला 'कल्की २८९८ एडी'. शेकडो कोटींचा. शिवाय २०१४ पासूनच्या प्रत्येक वर्षाची थकबाकी त्याच सोहळ्यात चुकती झाली. घाऊक रेट मिळाला असणार. मी सेठजींना हे सांगितलं, तर त्यांनी बदाम तोंडात टाकला आणि म्हणाले, "अच्छा ऑर्डर था साब. मेरेकू नै मिला."

कुणी म्हणेल, पुरस्कार विकत घेता येतात, असा आरोप मी करतोय. मी कशाला करू? ऋषी कपूर यांनी स्वतःच 'खुल्लम खुल्ला' या २०१७च्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, की 'बॉबी'च्या वेळी त्यांनी ३० हजार रुपये मोजले. सत्तरच्या दशकातले तीस हजार! सेठजींचा सगळ्यांत उंच कप आज दोन हजारांना आहे, वर घासाघीस होते. उलट टोकाला प्राण. 'बेईमान'साठी त्यांना फिल्मफेअर जाहीर झालं, ते त्यांनी नाकारलं. का, तर संगीताचं बक्षीस 'पाकीजा'च्या गुलाम मोहम्मदना न देता 'बेईमान'ला दिलं म्हणून. जन्मभर खलनायक रंगवणाऱ्या माणसाला हे सुचलं, नायकांना सुचल्याचं फारसं ऐकलं नाही. ती फिल्मफेअरची काळी बाईसुद्धा, जाता जाता सांगतो, आपल्या एन. जी. पानसऱ्यांनी घडवलेली. मूर्तीत काही दोष नाही.

आणि फाळके? जे १९४४ साली नाशकात विस्मृतीत गेले, त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार एक, आणि 'फाळके' हा शब्द मागंपुढं लावलेले खासगी पुरस्कार इतके, की विमानतळावर भेटणाऱ्या प्रत्येक मालिका-कलाकाराच्या चरित्रात एक तरी सापडतो. ही आमची भांड्याच्या बाजारातली जुनी युक्ती. नामांकित कंपनीच्या नावात एक काना वाढवायचा आणि शिक्का तसाच ठेवायचा.

हो, एक राहिलंच. 'श्यामची आई'. आचार्य अत्र्यांच्या १९५३च्या चित्रपटाला देशातलं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. २०२३ साली सुजय डहाके यांनी पुन्हा 'श्यामची आई' काढला, मुद्दाम कृष्णधवल. आणि १ ऑगस्ट २०२५ला, 'धडक २' लागला त्याच दिवशी, जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो उत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. साने गुरुजींच्या पुस्तकाची नवी मांडणी आहे ती, रिमेक म्हणता येणार नाही, आणि सिनेमा वाईट आहे असंही मी म्हणणार नाही. श्यामच्या आईबद्दल वाईट बोलायचं कसं, मला घरी जायचंय. पण सत्तर वर्षांनी मराठीला दिल्लीत मान मिळवून द्यायला पुन्हा तीच माउली कामाला लावावी लागते, तेव्हा बाकीच्या आया काय करत होत्या, एवढंच.

मानचिन्हांचं पोतं हमालाच्या डोक्यावर देऊन मी परत आलो. समारंभ झाला. चोवीस बक्षिसं वाटली, गच्चीवरच्या मुलीनं केशरचनेचं बक्षीस अंबाडा घालून घेतलं. पंचविसावं, फुकटातलं, प्रायोजक दंतवैद्यांना 'प्रेरणास्थान' म्हणून दिलं.

तो सातवा लघुपट एका आठवीतल्या मुलीचा होता. सहा मिनिटांचा. बेगम बाजारात भांड्यांवर नाव घालणारा तोच कारागीर, तेच मशीन. दिवसभरात तो कुणाकुणाची नावं घालतो, ते ती विचारत जाते. शेवटी विचारते, तुमच्या घरच्या भांड्यांवर कुणाचं नाव? तो हसतो, मशीन बंद करतो, आणि सिनेमा संपतो. परीक्षकांनी त्याला 'उत्तेजनार्थ' दिलं. शेवट स्पष्ट नाही, असं त्यांचं म्हणणं.

परवा तो तेरा वर्षांचा दिग्दर्शक, केचपवाला, जिन्यात भेटला.

"काका, ते नाव घालणाऱ्याचं दुकान कुठं आहे? पुढच्या वर्षी मी तो सिनेमा परत काढणार. मोठा. ड्रोन लावून."

"तसाच?"

"नाही, शेवट बदलणार. शेवटी दोघं मरतात."

"अरे, पण त्यात तर एकच माणूस आहे."

त्यानं जिन्याच्या कठड्यावर बोटं वाजवत थोडा विचार केला.

"मग अजून एक टाकू."